पहिला हसणारा

अमोलचा फोन आला तेव्हा नत्थुजी उमाळे शेवंतीच्या वाफ्यात उकिडवे बसून फुलं खुडत होते. बार्शीटाकळीच्या बाहेर, नाल्याला लागून त्यांचं दीड एकर फुलांचं वावर होतं. मार्गशीर्षातली सकाळ होती आणि दवानं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं झालं होतं.

"काकाजी, खुशखबर हाय," अमोल म्हणाला. "बाबाचा शेवटचा कार्यक्रम भेटला. पुरा."

नत्थुजींच्या हातातली टोपली कलंडली. फुलं मातीत सांडली, ती त्यांनी तशीच राहू दिली.

"कोनाजवळ भेटला?"

"मंडपवाल्याच्या जवायानं मोबाईलवर काढला होता. आवाज असा साफ हाय का कोनी खोकललं तं तेबी आयकू येते. रईवारी आपन पडद्यावर लावून राहिलो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत."

"शेवट कायले दाखोतं बावा? लोकाईले वाईट वाटते."

"आईनंच सांगतलं न. म्हने, पुरा लाव. तुमी येजा. आन् हारायची फुलं तुमच्याकडचीच पाह्यजेत."

फोन बंद झाला. नत्थुजी तिथेच वाफ्याच्या बांधावर टेकले. थंडी होती, पण कानामागून घाम उतरला. वर्षभर ज्याची भीती बाळगली ते आज समोर येऊन उभं राहिलं होतं, आणि त्याचा आवाज म्हणे एकदम साफ होता.

अमोल हा पुंजाराम गावंड्यांचा मुलगा. अमरावतीला संगणकाचे वर्ग चालवतो. आणि पुंजाराम गावंडे म्हणजे कोण, हे वऱ्हाडात चाळिशीच्या पुढच्या कुणालाही विचारावं. आताची पोरं ज्याला स्टँडअप म्हणतात ते पुंजारामभाऊ तीस वर्षांपूर्वीपासून करत होते. एक माईक, एक खुर्ची, बस. गणपतीत, शाळेच्या मेळाव्यात, कापसाच्या मोसमानंतर गावोगावच्या जत्रांत हा माणूस दोन दोन तास एकटा उभा राहायचा आणि लोक पोट धरून घरी जायचे. अमरावतीच्या एका मंडळानं यंदा फोनवरून लोकांना विचारलं होतं, तुमचे आवडते हास्यकलाकार कोण, जे आता राहिले नाहीत? तीन नावं वर आली. एसटीच्या कंडक्टरची नक्कल करणारे महादेवराव, नुसत्या भुवया हलवून हसवणारे शालिकराम, आणि दोघांच्या दुप्पट लोकांनी घेतलेलं नाव पुंजाराम. म्हणून रविवारचा कार्यक्रम.

त्या पुंजारामांचा एक माणूस होता, जो कोणत्याच पत्रिकेत नव्हता. तो म्हणजे नत्थुजी.

गोष्ट कौंडण्यपूरच्या जत्रेतली. नत्थुजी तेव्हा पस्तिशीचे, देवळाच्या वाटेवर झेंडूचे हार विकत बसलेले. पलीकडे एक बारीक माणूस ट्रॉलीवर उभा राहून काही बोलत होता आणि समोरचे लोक मख्खासारखे पाहत होते. नत्थुजींना हसू आलं. आता नत्थुजींचं हसणं म्हणजे उन्हाळ्यातली हापशी. आधी नुसती कोरडी करकर, दोन-तीन दांडे रिकामे, आणि मग एकदम पाणी. ती करकर ऐकून लोकांनी माना वळवल्या, आणि पाणी आलं तेव्हा सगळी जत्रा हसत होती. ट्रॉलीवरचा माणूस उतरून थेट हारांपाशी आला.

"तुह्यं नाव काय?"

"नत्थू."

"उद्या मोर्शीले येतं का? काई करू नको. बसजो आन् हासजो."

तेव्हापासून तीस वर्षं. पुंजारामांनी नियम घालून दिले होते. पाचवी रांग, कडेची खुर्ची. एसटीनं वेगळं यायचं, वेगळं जायचं. कार्यक्रमाआधी ओळख दाखवायची नाही. घरी सांगायचं नाही, बायकोलाही नाही. आणि सगळ्यात मोठा नियम: "मी बोलता बोलता अडकलो का तू हास. माह्या तोंडून शब्द निंगो न निंगो. तू हासला का लोकाईले वाटते, अडकनं हेच गमतीचं होतं. तेवढ्यात मले पुढचं आठोते." पुंजाराम किती वेळा अडकले आणि नत्थुजींनी किती वेळा त्यांना हापशी मारून वर काढलं, याची मोजदाद दोघांकडेही नव्हती. लोकांच्या लेखी नत्थुजी फक्त पुंजारामांचे फूलवाले दोस्त होते. शकुनबाईंच्या, पुंजारामांच्या बायकोच्या लेखीही तेवढेच.

गेल्या मार्गशीर्षात अकोल्याला शिक्षकांचा मेळावा होता. दुपारची वेळ. पुंजाराम त्यांचा सगळ्यात गाजलेला 'सासुरवाडीचा सोफा' करत होते. सासऱ्यानं नवा सोफा घेतला आहे, वरचं प्लास्टिक काढलेलं नाही, महिना मे, गाव अकोला. जावई रुसून त्यावर बसतो आणि घामानं असा चिकटतो की रुसवा गेला तरी उठता येत नाही. सासू म्हणते, "उठा न जवाईबापू, पानं वाढले." जावई उठायला जातो, सोफा म्हणून घेतलेली खुर्ची पाठीमागे येते, आणि जावई म्हणतो, "मी तं उठतो सासूबाई, पन सोफा नाई म्हन्ते."

त्या दिवशी पुंजाराम सासूच्या आवाजात "उठा न जवाईबापू" म्हणाले, अर्धवट उठले आणि थांबले. पुढचं वाक्य आलं नाही.

नत्थुजींनी पाचव्या रांगेतून पाहिलं. कपाळावर घामाचे थेंब होते. खुर्चीचा हात धरलेली बोटं पांढरी पडली होती. ओठांचा रंग वेगळा दिसला. अर्धा श्वास, फक्त अर्धा श्वास नत्थुजींच्या मनात काहीतरी हललं.

आणि ते हसले.

कोरडी करकर, मग पाणी. सगळा मंडप हसला. पुंजारामांची नजर फिरत फिरत पाचव्या रांगेवर आली, तिथे थांबली. मग ते हळूहळू खुर्चीवरून घसरत खाली बसले. लोक अजून जोरात हसले. पुढच्या रांगेतली एक बाई "अगं बाई!" म्हणाली, तसं हसणं ओसरू लागलं, माना उंचावू लागल्या. तेव्हा नत्थुजी दुसऱ्यांदा हसले. लोक पुन्हा हसले. कुणीतरी पायऱ्या चढून वर जाईपर्यंत तीन मिनिटं गेली होती.

दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टर अमोलला सांगत होता, "थोडं आधी आणलं असतं तर..." आणि त्याला कुणीतरी हाक मारली. वाक्य अर्धंच राहिलं. नत्थुजी भिंतीला टेकून उभे होते. ते अर्धं वाक्य त्यांनी घरी नेलं आणि वर्षभर रोज पुरं केलं.

त्या दिवसापासून ते हसले नव्हते. हसू येईल असं वाटलं की दुपट्टा तोंडात कोंबायचे, कारण ती करकर घशात उठली की मंडप डोळ्यांपुढे उभा राहायचा. त्यांची बायको रुख्मिणी एकदा म्हणालीसुद्धा, "अवो, फुलासंगं हासनंबी इकून टाकलं का बजारात?" तिला काय सांगणार? आणि तिकडे शकुनबाई भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, "लोकाईले हासवता हासवता गेले. अखेरपर्यंत दाद भेटली त्याईले." हे वाक्य ऐकलं की नत्थुजी चहा अर्धा टाकून उठायचे.

आता तो कार्यक्रम पडद्यावर लागणार होता. नत्थुजींचं हसणं एकदा ऐकलेला माणूस विसरत नसे. रुख्मिणी ओळखणार. अमोल ओळखणार. आणि शकुनबाई.

शनिवारी सकाळी शेवंतीच्या दोन गाठोड्या घेऊन ते अकोल्याहून अमरावतीच्या एसटीत बसले. एक दिवस आधी जायचं, अमोलला एकट्याला गाठायचं आणि शेवटची तीन मिनिटं कापून टाक म्हणायचं, एवढंच मनात होतं. त्याला कारण काय सांगायचं ते मूर्तिजापूर येईपर्यंत सुचलं नाही.

"काकाजी, एवढे फुलं! कोनाचं लगन काढलं?" कंडक्टरनं विचारलं.

"लगन नाई. वर्षश्राद्ध हाय."

कंडक्टर तिकीट फाडून पुढे गेला. मागच्या सीटवर एक मुलगी मोबाईलवर कसलातरी विनोदी कार्यक्रम पाहत होती. एकाएकी त्यातून माणसांच्या हसण्याचा लोंढा बाहेर आला. नत्थुजी असे दचकले की मांडीवरची गाठोडी खाली गेली.

"सॉरी हां, आजोबा," मुलगी म्हणाली आणि आवाज कमी केला. तरीही बडनेऱ्यापर्यंत ते हसणं त्यांच्या मानेवर बसून आलं.

अमोल घरीच होता. पुढच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप, भिंतीवर पुंजारामांचा मोठा फोटो. फोटोतले पुंजाराम भुवई उंचावून नत्थुजींकडेच पाहत होते. नत्थुजींनी पाठ फिरवून बसायची जागा निवडली.

"अमोल, एक आयक. ते शेवटचं जे हाय न... ते काढून टाक."

"काहून?"

"मानसाचं मरन कायले दाखवा लोकाईले? बरं नाई दिसत."

"मीबी तेच म्हनलो होतो, काकाजी. पन आई आयकत नाई. दहा वेळा पाह्यलं तिनं. रोज सकाळी लावते."

आतून भांड्याचा आवाज आला आणि शकुनबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. वर्षात वाळल्या होत्या. नत्थुजींनी उठून हात जोडले, पण वर पाहिलं नाही.

"बसा, नत्थुभाऊ. बरं झालं आज आले. तुमचंच काम होतं."

शकुनबाई खाली सतरंजीवर बसल्या, एक गाठोडी सोडली आणि सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "अमोल, लाव ते."

"आई, आता कायले..."

"लाव म्हनलं न."

लॅपटॉपमधून पुंजारामांचा आवाज आला, जिवंत, खणखणीत. सोफा आला, प्लास्टिक आलं, मे महिना आला. नत्थुजींनी नजर शकुनबाईंच्या सुईवर खिळवली. सुई फुलाच्या देठातून आरपार जात होती, एक, मग एक, मग एक. "उठा न जवाईबापू, पानं वाढले." आणि शांतता. त्यांना ती शांतता अर्ध्या श्वासाची आठवत होती. इथे ती लांबच लांब होती. तेवढ्यात दोन वेळा पाणी पिऊन होईल एवढी लांब. मग करकर. कोरडी, रिकामी, स्वतःची.

"हा," शकुनबाई म्हणाल्या. सुई थांबली होती. "हा मानूस मले पाह्यजे. अमोलले चार दिवसांपासून म्हनून राहिली का ह्याले शोध."

अमोल लॅपटॉपकडे पाहत बसला. त्याचे कान लाल झाले होते. त्याला ठाऊक आहे, हे नत्थुजींना त्या कानांवरून कळलं.

"कायले पाह्यजे, वैनी?" नत्थुजींनी विचारलं.

"एक गोष्ट इचारायची हाय त्याले. सगळे म्हन्तेत, कोनाले समजलंच नाई, नाटकच वाटलं. मान्य. मागचा मानूस पुढच्याले पाहून हासला. पन जो सगळ्याईच्या आंधी हासला तो कोनाले पाहून हासला? तो तं याईच्याकडेच पाहत होता न? त्याले दिसलं नाई का?"

खोलीत लॅपटॉपमधला मंडप हसत होता. अमोलनं हात लांब करून तो बंद केला.

उठून जाता आलं असतं. मला काय माहीत, असं म्हणता आलं असतं. अमोलही काही बोलला नसता. दार चार पावलांवर होतं आणि नत्थुजींनी ती चार पावलं डोळ्यांनी मोजलीसुद्धा. पण ते उठले नाहीत.

"दिसलं," ते म्हणाले.

शकुनबाईंनी वर पाहिलं.

"मीच होय, वैनी. तीस वर्षं मीच होतो. त्याईनंच ठेवलं होतं. अडकलो का हास, म्हनत होते. मले घाम दिसला. ओठबी दिसले. वाटलं का काईतरी झालं. पन तोंड आंधी हासून मोकळं झालं."

"आन् दुसऱ्या खेपेले?"

नत्थुजींना वाटलं होतं, ते दुसरं हसणं कुणाच्या लक्षात येणार नाही. दुपट्ट्याचं टोक त्यांनी बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"दुसऱ्या खेपेले भेव वाटलं. थे माह्याकडे पाहून राहिले होते. मले वाटलं, आता लोकं चूप झाले तं हे खरं होईन. म्हनून हासलो."

शकुनबाईंनी अर्धवट हार उचलला, पाहिला आणि पुन्हा सुई चालवू लागल्या. रडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या तर नत्थुजींना कुठेतरी धरायला मिळालं असतं. हार पुरा झाला तेव्हा त्या गाठ मारत म्हणाल्या, "उद्या पाचव्या रांगेत बसजा. कडेले."

"वैनी..."

"तुमची जागा थेच होय न? मंग तेथीच बसा."

रविवारी दुपारी चारला सभागृह भरलं. मंचावर तीन फोटो, तिघांना बार्शीटाकळीच्या शेवंतीचे हार. नत्थुजी पाचव्या रांगेत, कडेला. अंगातला सदरा पाठीला चिकटला होता. शकुनबाई पहिल्या रांगेत, अमोलच्या शेजारी, ताठ बसलेल्या. कार्यक्रम संपला की त्या उठतील, माईक हातात घेतील आणि म्हणतील, तो पहा, पाचव्या रांगेत. हे नत्थुजींनी आदल्या दिवसापासून शंभर वेळा पाहिलं होतं. दरवेळी लोकांच्या माना एकाच वेळी वळायच्या.

महादेवरावांची जुनी कॅसेट लागली, लोक हसले. शालिकरामांच्या भुवयांवर तर शेजारच्या म्हाताऱ्यानं नत्थुजींच्या मांडीवर थाप मारली. "काय मानूस होता राजा! तुमी हासत नाई काहून?" नत्थुजींनी दात दुखत असल्याची खूण केली.

मग दिवे मंद झाले आणि पडद्यावर पुंजाराम आले.

लोक हसत होते, पण जपून. हा शेवटचा कार्यक्रम आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. जसजसा सोफा जवळ आला तसतसं हसणं पातळ होत गेलं. नत्थुजींनी पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली. पुंजारामांनी पदर घेतल्यासारखा हात डोक्यावर नेला.

"उठा न जवाईबापू, पानं वाढले."

शांतता. पडद्यावर घाम, पांढरी बोटं. आता ती करकर येईल, आणि सगळे ओळखतील. पळायचं तर आत्ताच. कडेची खुर्ची होती, दार डावीकडे.

नत्थुजी उभे राहिले.

ते दाराकडे गेले नाहीत. तोंड पडद्याकडे ठेवून ते उभे राहिले. वर्षापूर्वी त्या अर्ध्या श्वासात जे करायचं होतं ते एवढंच होतं. लाऊडस्पीकरमधून त्यांचं हसणं आलं आणि सगळ्या सभागृहावर पसरलं, त्यामागून त्या दिवसाचा मंडप. इथे मात्र कुणी हसलं नाही. मांडीवर थाप मारणारा म्हातारा त्यांच्याकडे पाहत होता. त्यानं पायातली चप्पल काढली आणि तोही उभा राहिला. मग त्याच्या मागची बाई. मग खुर्च्यांचा कचकचाट मागे मागे सरकत शेवटच्या भिंतीपर्यंत गेला. लोकांना वाटलं, अशीच श्रद्धांजली ठरलेली असेल.

पडद्यावर पुंजारामांची नजर फिरत फिरत येऊन थांबली. कॅमेरा मध्यात होता, तरी नत्थुजींना ती बरोबर आपल्यावरच आल्यासारखी वाटली. त्यांनी मान खाली घातली नाही. दुसरं हसणं आलं. तेही त्यांनी उभं राहूनच ऐकलं.

पडदा काळा झाला. दिवे लागले. तीनशे माणसं उभी होती आणि बसायचं कधी ते कुणालाच कळत नव्हतं. पहिल्या रांगेत शकुनबाईही उभ्या होत्या, अमोलचा खांदा धरून. त्या हळूच मागे वळल्या. एक एक रांग मागे टाकत त्यांची नजर पाचव्या रांगेच्या कडेला आली.

"नत्थुभाऊ," त्या म्हणाल्या. माईक नव्हता, पण सभागृहात एवढी शांतता होती की शेवटच्या रांगेतही ऐकू गेलं. सगळ्यांच्या माना वळल्या. एकाच वेळी, जशा त्यांना शंभर वेळा दिसल्या होत्या तशाच.

"बसा आता."

नत्थुजी बसले. त्यांच्यामागून, एकेक खुर्ची करकरत, सभागृह बसलं.